अण्णांच्या पेन्शनच्या कागदात काकूंचं नाव

९ जुलै २०२४, मंगळवार. सकाळी साडेदहाला कॅलेंडरवर पंधरा मिनिटांची मीटिंग दिसली, विषय काहीच लिहिला नव्हता, आणि अकरा वाजेपर्यंत माझा लॅपटॉप लॉकपण झाला होता. आयटीत अकरा वर्षं, त्यातली सात याच कंपनीत, वय ३६. मेलमध्ये कारण म्हणून रिस्ट्रक्चरिंग एवढा एकच शब्द. पुण्यातल्या फ्लॅटचं भाडं किती महिने झेपेल याचा हिशोब त्याच रात्री केला आणि महिनाअखेरीस सामान बांधून आईकडे, आमच्या तालुक्याच्या गावी परत आले.

हे सगळं लिहितेय कारण त्यानंतरच्या आठ महिन्यांत मी दोन गोष्टी केल्या, एक म्हणजे नोकरी शोधली आणि दुसरं, समोरच्या घरातल्या अण्णांच्या पेन्शनच्या रेकॉर्डमध्ये त्यांच्या बायकोचं, म्हणजे काकूंचं नाव दुरुस्त करून घेतलं. दुसऱ्या कामाबद्दल नेटवर मराठीत सलग कुठेच मिळालं नाही, तुकडे तुकडे मिळाले, म्हणून. आणि खरं सांगायचं तर पहिल्या कामात मी टिकले ती दुसऱ्या कामामुळे.

ऑगस्टचा पहिला आठवडा फार वाईट गेला. रोज एक्सेल उघडायचं, किती ठिकाणी अर्ज केले, किती जणांनी उत्तर दिलं. ६४ अर्ज आणि ५ फोन. रात्री तीनला जाग यायची आणि मग ते सगळं वर्षावर्षानं मागे जायचं, तेव्हा ती दुसरी ऑफर घेतली असती तर, तेव्हा तो कोर्स केला असता तर. घरचे, नातेवाईक सगळे चांगल्या मनानं समजवायचे की अगं तिकडे सीमेवर जवान बर्फात उभे असतात, त्यांच्यापुढे आपलं दुःख ते काय. ते खोटं नाहीच. पण मला त्यानं बरं वाटायचं नाही, उलट नोकरी नाही याचं दुःख होतंच, वर ते दुःख करतोय याची लाज पण यायला लागली. तुम्ही या अवस्थेत असाल आणि कोणी असं म्हणत असेल तर एवढंच सांगते, नुसत्या तुलनेनं माझी काळजी एक इंचसुद्धा हलली नाही.

१२ ऑगस्टला अण्णा स्वतः आले. हातात सुतळीनं बांधलेली प्लास्टिकची पिशवी. माझी नोकरी गेल्याचं त्यांना माहीत होतं, अख्ख्या गल्लीला माहीत होतं, पण त्याबद्दल एक शब्द नाही. म्हणाले, "पोरी, तुला वेळ आसंल तर हे जरा बघतीस का? माझ्या माघारी हिचं हाल नकोत."

अण्णा माजी सैनिक, पायदळातनं नाईक म्हणून पेन्शनवर आले. सैन्यातल्या जुन्या पेन्शनरांची पेन्शन आधी बँकांमार्फत यायची, आता ती 'स्पर्श' नावाच्या ऑनलाइन यंत्रणेवर गेलीय, प्रयागराजच्या पीसीडीए, म्हणजे संरक्षण खात्याच्या पेन्शन कार्यालयाकडून थेट खात्यात येते. तिथे लॉगिन केल्यावर पेन्शनर डेटा व्हेरिफिकेशन असतं, म्हणजे तुमची आणि बायकोची माहिती बरोबर आहे का ते तपासून द्यायचं. अण्णांचं हे कधी झालंच नव्हतं. मी त्यांच्या मोबाईलवर ओटीपी घेऊन उघडलं तर काकूंच्या नावापाशी गाडी अडली. पीपीओत म्हणजे पेन्शनच्या मूळ आदेशात काकूंचं सासरचं नाव, लग्नात ठेवलेलं, आणि आधार, पॅन, बँक पासबुक सगळीकडे माहेरचं नाव. जन्मतारखेची जागा तर रिकामीच.

आपल्याकडे हे किती घरांत असेल विचार करा. लग्नात तांदळात अंगठीनं नवीन नाव लिहिलं, पलटणीत कळवताना तेच कळवलं, आणि तीस-चाळीस वर्षांनी मतदार ओळखपत्र आणि आधार काढायची वेळ आली तेव्हा कोणीतरी माहेरचं नाव लिहून टाकलं. सैनिक हयात असेपर्यंत काही अडत नाही. तो गेल्यावर ती बाई बँकेत उभी राहते आणि कागदावरची बाई दुसरीच निघते. फॅमिली पेन्शन साधारण शेवटच्या पगाराच्या ३० टक्के, किमान ९,००० रुपये आणि वर महागाई सवलत. काकूंसाठी तो आकडा म्हणजे मुलापुढे हात न पसरता औषधं आणता येणं. त्यामुळे आत्ता, दोघंही असताना हे करून घ्यायला हवं होतं.

पिशवीत सगळ्यात खाली डिस्चार्ज बुक, म्हणजे फौजेतल्या सेवेच्या नोंदीचं पुस्तक होतं. कापडी पाठीचं, कडा कुरतडलेल्या, आतलं बरंचसं इंग्रजीत. अण्णा म्हणाले मोठ्यानं वाच. काकू चहा घेऊन आल्या आणि तिथेच भिंतीला टेकून बसल्या, त्यांनी ते कधी ऐकलंच नव्हतं.

भरती फेब्रुवारी १९६९, वय १८. ओळखीची खूण उजव्या भुवईवर व्रण. मेडलच्या रकान्यात 'पूर्वी स्टार' आणि 'संग्राम मेडल', म्हणजे १९७१ च्या डिसेंबरमधले ते तेरा दिवस अण्णा पूर्वेच्या आघाडीवर होते आणि तेव्हा ते वीस वर्षांचे होते. मी विचारलं तिकडचं काही आठवतं का. म्हणाले, "चिखल आठवतो. आन् आमच्या शेजारच्या गावचा एक होता, आम्ही एका दिवशी भरती झालेलो." पुढं बोलले नाहीत. काकूंनी नंतर स्वयंपाकघरात सांगितलं की दर दिवाळीला फराळाचा पहिला डबा त्या घरी जातो, आधी त्याच्या आईकडे, आई गेल्यावर भावाकडे. पन्नासच्या वर दिवाळ्या झाल्या. एवढी वर्षं समोर राहून मला हे माहीत नव्हतं.

मग शेवटचं पान. वर्तणूक अनुकरणीय. सेवा १७ वर्षं ४ महिने. सेवामुक्तीचं कारण, ठरलेली मुदत पूर्ण झाल्यामुळे. जून १९८६.

मी मनात वजाबाकी केली. ३५. माझ्यापेक्षा एक वर्षानं लहान.

हे मला कुणी शिकवलं नव्हतं, म्हणजे कानावर असेल पण डोक्यात गेलं नव्हतं. आपण जवान म्हटलं की युद्ध आणि सीमा एवढंच बघतो. पण फौजेला तरुण माणसं लागतात म्हणून बहुतेक जवान पस्तिशी-चाळिशीत घरी येतात, पोरं शाळेत असताना, आईबाप म्हातारे झालेले असताना, आणि मग दुसरं काम शून्यातनं सुरू करतात. चूक काही नसते, कागदावर अनुकरणीय लिहिलेलं असतं, तरी मुदत संपते. ज्या वयात मला वाटत होतं की आपलं सगळं संपलं, त्या वयात प्रत्येक पलटणीतली माणसं दरवर्षी ट्रंक उचलून एसटी स्टँडवर उतरतात.

मी विचारलं, "अण्णा, तेव्हा भीती वाटली?"

"वाटली की. तीन पोरं व्हती. पलटणीत सकाळी काय करायचं ते कुणीतरी सांगायचं. घरी आलो, सवयीनं चारला उठलो, दाढी केली, बूट घातलं, आन् काय करावं कळंना. आठ म्हैने घरी व्हतो. मग कारखान्यात वॉचमन लागलो, पुढं टाइमकीपर झालो."

काकू म्हणाल्या, "त्या आठ म्हैन्यात ह्यांनी परड्यातली विहीर बांधून काढली. एकट्यानं."

त्या रात्री मला तीनला जाग आली नाही असं म्हणणार नाही, आली. पण डोक्यात माझं एक्सेल नव्हतं, त्यांची ती चारची दाढी होती.

आता प्रक्रिया सांगते, जशी झाली तशी, आमच्या चुकांसकट.

२० ऑगस्टला आम्ही तिघं जिल्ह्याच्या गावी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात गेलो. एसटीला तिघांनाही अर्धं तिकीट, काकूंना आणि मला महिला म्हणून आणि अण्णांना ज्येष्ठ नागरिक म्हणून. हे कार्यालय प्रत्येक माजी सैनिकाच्या घरच्यांनी एकदा तरी बघून ठेवावं. तिथले कल्याण संघटक स्वतः माजी सैनिक होते, त्यांनी अण्णांना रँक लावून हाक मारली, खुर्ची दिली, आणि कागदावर सगळं लिहून दिलं: रेकॉर्ड ऑफिसच्या (सैनिकांच्या नोंदी ठेवणाऱ्या कार्यालयाच्या) नावानं अर्ज, पीपीओ आणि डिस्चार्ज बुकाच्या झेरॉक्स, दोघांचं आधार आणि पॅन, जॉइंट खात्याचं पासबुक, दोघांचा एकत्र फोटो, आणि दोन्ही नावांची व्यक्ती एकच आहे असं प्रतिज्ञापत्र. पद्धत अशी की रेकॉर्ड ऑफिस आधी पार्ट टू ऑर्डर काढतं, म्हणजे सैनिकाच्या नोंदीत बदल करतं, मग ते पेन्शन कार्यालयाकडे जातं आणि तिथून दुरुस्त पीपीओ निघतो, त्याला कॉरिजेंडम म्हणतात. मधली पायरी गाळता येत नाही.

प्रतिज्ञापत्र मी घाईघाईनं नोटरीकडून करून घेतलं. ते चाललं नाही, आमच्या केसमध्ये प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांसमोरचं हवं होतं, आणि ते त्या कागदावर लिहिलेलं होतं, मी नीट वाचलं नव्हतं. ४०० रुपये आणि एक फेरी वाया. टाइप करायच्या आधी कोणासमोरचं हवं ते विचारा. आणि एक, प्रतिज्ञापत्रात दोन्ही नावं जशीच्या तशी लिहा, इंग्रजी स्पेलिंगसकट, आधारवरचं एक अक्षर बघून बघून.

एकत्र फोटोला काकू तयारच होईनात. लग्नातला फोटो नाही, त्यानंतर दोघांचाच असा एकही नाही. शेवटी नवीन लुगडं नेसून आल्या. अण्णांनी टोपी काढली, पुन्हा घातली. फोटोग्राफरनं जवळ बसायला सांगितलं तर दोघंही समोर बघत ताठ बसले. आठ प्रती १५० रुपये. एक काकूंनी देवघराशेजारी लावलीय.

११ सप्टेंबरला, गौरी आल्या त्या आठवड्यात, कार्यालयाच्या पत्रासोबत फाईल स्पीड पोस्टानं गेली. पावती जपून ठेवा आणि पाठवलेल्या प्रत्येक पानाचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा, आम्हाला पुढे तोच उपयोगी पडला.

मग वाट बघणं. या काळात माझं पण वाट बघणं चालूच होतं. ऑक्टोबरमध्ये एका कंपनीच्या चार राउंड झाल्या, पगाराचं बोलणं झालं आणि मग ती जागाच रद्द झाली. दोन दिवस मी खोलीतनं बाहेर आले नाही. तिसऱ्या दिवशी आठवलं की अण्णांचं हयातीचं राहिलंय.

हयातीचं प्रमाणपत्र आता घरी बसून होतं, हे पण सांगून ठेवते. जीवन प्रमाण आणि आधार फेस आरडी ही दोन ॲप मोबाईलवर घ्यायची, आधी ऑपरेटर म्हणून स्वतःचा चेहरा नोंदवायचा, मग पेन्शनरचा. वाटप करणारी यंत्रणा निवडताना जुन्या सवयीनं बँक निवडू नका, ज्यांची पेन्शन स्पर्शवर गेलीय त्यांनी स्पर्श निवडायचं. ५ नोव्हेंबरला केलं. घरात उजेड कमी पडत होता म्हणून अण्णांना अंगणात खुर्चीवर बसवलं, डोळे मिटा उघडा म्हटलं की ते कवायतीसारखं जोरात मिटायचे, तिसऱ्या वेळी झालं. दुसऱ्या दिवशी गल्लीतले आणखी दोन माजी सैनिक आले, मग एका शहीद जवानाची आई आली. नोव्हेंबरात मी अकरा जणांचं करून दिलं. प्रत्येकाच्या पिशवीत तसंच एक पुस्तक. कोणी लडाखचं सांगायचं, कोणी श्रीलंकेचं, कोणी काहीच सांगायचं नाही, फक्त आपला पीपीओ नंबर पाठ म्हणून दाखवायचं. मी त्यांचे आभार कसे मानायचे ते मला कळत नव्हतं, तोंडानं म्हटलं की ते अवघडतात. ॲप उघडून नीट उजेडात खुर्ची ठेवणं मात्र मला जमत होतं. त्या महिन्यात मी अर्ज कमी केले नाहीत, रोज सकाळी दोन तास करतच होते, पण दिवसाचे बाकीचे तास आता त्या अर्जांचे नव्हते.

७ डिसेंबरला सशस्त्र सेना ध्वजदिन. १९४९ पासून पाळतात. शाळेत असताना आम्ही तो छोटा झेंडा छातीला लावायचो, एक-दोन रुपये द्यायचो आणि विसरून जायचो. हा निधी वीरनारी, अपंग सैनिक आणि माजी सैनिकांच्या कुटुंबांसाठी असतो. त्या वर्षी अण्णांसोबत जाऊन दिले, पगार नव्हता म्हणून थोडेच.

१८ डिसेंबरला फाईल परत आली. ऑब्झर्वेशन असं की पत्नीच्या माहेरच्या नावाचा जुना पुरावा आणि जन्मतारखेचा पुरावा जोडा. त्याच आठवड्यात मलाही आणखी एक नकार आलेला. मी पाकीट हातात घेऊन पायरीवरच बसले. अण्णांनी ते पत्र दोनदा बघितलं आणि म्हणाले, "परत आलाय म्हंजे कुणीतरी वाचलाय. चल, काय मागत्यात ते दिऊ."

काकूंकडे जन्मदाखला नाही, लग्नाचं सर्टिफिकेट नाही. चौथीपर्यंत शिकल्या होत्या म्हणून त्यांच्या माहेरच्या गावी, १४ किलोमीटरवर, जिल्हा परिषदेच्या शाळेत गेलो. मुख्याध्यापिका बाईंनी कपाटातलं जुनं जनरल रजिस्टर काढलं, पानं हात लावताच तुटायला आलेली. जुलै १९६१ चं पान. बाई बोटानं एकेक ओळ खाली येत होत्या आणि काकू पदराचं टोक धरून उभ्या होत्या. सापडलं. निळ्या शाईत माहेरचं नाव, वडिलांचं नाव, जन्मतारीख १ जून १९५५. त्या पानावर निम्म्या पोरांची जन्मतारीख १ जूनच होती, गुरुजी शाळेत घालताना तीच लिहायचे. आमच्या नशिबानं आधारवरही तीच. उताऱ्याला अर्ज द्यायचा, तीन दिवसांनी मिळाला, पैसे लागले नाहीत. ज्यांच्याकडे काहीच कागद नाही त्यांनी शाळेचं रजिस्टर नक्की बघा, एक वर्ष शाळेत गेलेल्या बाईचीसुद्धा नोंद असते.

परत येताना एसटीत काकू म्हणाल्या, "माझं नाव मी किती वर्षांनी बघितलं." मग खिडकीबाहेर बघत राहिल्या.

३ जानेवारी २०२५ ला फाईल पुन्हा गेली. २२ जानेवारीला मला ऑफर आली. आधीच्या पगारापेक्षा १८ टक्के कमी, पद एक पायरी खाली. सहा महिन्यांपूर्वी मी याला अपमान म्हटलं असतं आणि महिनाभर कुढत बसले असते. या वेळी मी काम काय आहे ते विचारलं, ते आवडलं आणि हो म्हटलं. कमी पगाराचं वाईट वाटलं, अजून वाटतं, गृहीत धरलेल्या काही गोष्टी पुढे ढकलाव्या लागल्या. अण्णांना सांगायला गेले तर त्यांनी आधी विचारलं, "कंदी हजर व्हायचं?" मी म्हटलं ३ फेब्रुवारी. म्हणाले, "एक दिस आधी जा. रस्ता बघून ठेव." मी खरंच एक दिवस आधी जाऊन ऑफिसची बस कुठे थांबते ते बघून आले.

पुण्यातनं फाईलचा पाठपुरावा फोनवर चालू ठेवला. रेकॉर्ड ऑफिसला फोन करताना आर्मी नंबर, रँक आणि फाईल पाठवल्याची तारीख समोर लिहून ठेवायची, ती सांगितली की समोरचा माणूस लगेच शोधतो. १९ फेब्रुवारीला कळलं की पार्ट टू ऑर्डर निघाली. २१ मार्चला अण्णांच्या मोबाईलवर मेसेज आला, लॉगिन केलं, कॉरिजेंडम पीपीओ आलेला. सुरुवातीपासून सात महिने आणि थोडे दिवस. एकूण खर्च झेरॉक्स, फोटो, दोन प्रतिज्ञापत्रं, पोस्ट, एसटी धरून २,१०० च्या आसपास. एजंट कोणी नाही, कुठे वेगळे पैसे द्यावे लागले नाहीत.

त्या शनिवारी प्रिंट घेऊन गावी गेले. अण्णांनी चष्मा लावून आपला नंबर तपासला आणि कागद काकूंच्या हातात दिला. इंग्रजीत होता म्हणून काकू म्हणाल्या तूच वाच. मी त्यांचं नाव वाचलं, माहेरचं पहिलं नाव, मधे अण्णांचं, मग आडनाव. त्यांनी पुन्हा वाचायला लावलं. अण्णा दारातनं म्हणाले, "आता ह्याच नावानं हाक मारू व्हय?" आणि काकू लाजून आत गेल्या, त्र्याहत्तर-चौऱ्याहत्तरचे अण्णा आणि सत्तरीला आलेल्या काकू.

आता ईसीएचएसच्या कार्डावर, म्हणजे माजी सैनिकांच्या दवाखान्याच्या कार्डावर, जुनंच नाव आहे, ते बदलायचंय. पुढच्या महिन्यात दुसऱ्या आठवड्यात मी रजा टाकलीय. काकूंना सांगून ठेवलंय की फोटोच्या उरलेल्या प्रती जपून ठेवा.